बसायला जागा

गिरगावातल्या आमच्या वाडीच्या तोंडाशी पुनर्विकासातली नवी इमारत उभी राहिली, तेव्हा तिच्या तळमजल्यावरचा सर्वांत मोठा गाळा वर्षभर बंद होता. त्याच्या शटरवर शिकवण्यांच्या आणि पेस्ट कंट्रोलच्या जाहिराती चिकटत, आणि आमचा वॉचमन दर सोमवारी पत्र्याच्या तुकड्याने त्या खरवडून काढी. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा भुयारी मेट्रोमार्ग पूर्ण झाला, गिरगाव स्थानकाच्या जिन्यातून माणसे आमच्या रस्त्यावर बाहेर पडू लागली, आणि दिवाळी उलटते न उलटते तोच त्या गाळ्याला हिरवे कापड लागले. आत काय येणार आहे ते आधी इस्त्रीवाल्याला कळले आणि त्याच्याकडून दोन तासांत सगळ्या मजल्यांवर पोहोचले. बर्गर विकणाऱ्या, जगभर पसरलेल्या एका साखळीचे दुकान येणार होते.

त्या आठवड्यात वाडीत दोन तट पडले असे सांगणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. मते पाचसहा प्रकारची होती आणि एकेका घरात दोन-दोन नांदत होती. पहिल्या मजल्यावरच्या नानांचे म्हणणे असे की, शाळेच्या इतक्या जवळ असले दुकान येऊ देणे हाच अपराध आहे. त्यांच्याच सुनेला वाटत होते की रात्री साडेनऊला ऑफिसातून परतताना वाडीच्या तोंडाशी उजेड आणि माणसांची जाग असेल तर बरेच. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा आक्षेप खाण्याला नव्हताच, तो धुराड्याला होता, कारण त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी नेमकी त्या बाजूला उघडते. चौथ्या मजल्यावरच्या एका शाकाहारी कुटुंबाला तळलेल्या कोंबडीचा वास नको होता. हे कानावर येताच कालपर्यंत बर्गरला विरोध करणारे दोघे-तिघे एकदम बर्गरच्या बाजूला गेले; आज कोंबडीला नको म्हणणारे उद्या आमच्या बोंबलाला नको म्हणतील, असे त्यांना वाटले. मुंबईत ज्यांनी घरे शोधली आहेत त्यांना ही भीती कुठून येते ते माहीत आहे, म्हणून ती मी हसण्यावारी नेणार नाही.

माझे मत तेव्हा पक्के होते. शाळेत तीस वर्षे मराठी शिकवल्यामुळे वाडीतले अर्ज, निवेदने आणि श्रद्धांजलीचे फलक लिहिण्याचे काम माझ्याकडे येते. विरोधाच्या निवेदनाचा मसुदाही मीच लिहिला. त्यात मी लिहिले होते की, आपल्या हक्काची उपाहारगृहे एकेक करून बंद पडत असताना त्यांच्या जागी परकी साखळी येणे म्हणजे वाडीची ओळख पुसली जाणे होय. वाक्य मला आवडले होते. त्यावर बेचाळीस सह्या झाल्या. त्रेचाळिसावी सही मागायला मी शेजारच्या घरी गेले, तेव्हा त्यांच्या मुलीने, जी सीएची आर्टिकलशिप करते, कागद उभ्यानेच वाचला आणि परत दिला.

“मावशी, हे आपल्या हक्काचं उपाहारगृह, तिथे तुम्ही स्वतः शेवटच्या कधी बसला होतात?”

मी म्हटले, “अगं, बंद होईपर्यंत आमच्याकडे तिथूनच यायचं सगळं.”

“यायचं. पण बसला कधी होतात?”

ती उद्धटपणे बोलत नव्हती. तिला खरोखर उत्तर हवे होते आणि ते माझ्याकडे नव्हते.

जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमचे उपाहारगृह होते. पाच संगमरवरी टेबले, कडा झिजून पिवळ्या पडलेल्या. गल्ल्यामागे फळ्यावर खडूने लिहिलेले पदार्थ. संध्याकाळी चारला साबुदाणा वड्याचा पहिला घाणा निघाला की तो वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायचा. मला झाकणाचा स्टीलचा डबा आणि मोजून पैसे देऊन खाली पाठवले जाई. तिखट चटणी वेगळ्या पुडीत, वडे कागदावर, कागद डब्यात. मालक माझ्या हातावर एक बत्तासा ठेवत. हे सगळे मी निवेदनात लिहू शकले असते आणि ते खरेच होते. पण आत, डाव्या कोपऱ्यात, अर्ध्या दाराची एक खोली होती आणि त्या दारावर ‘फॅमिली रूम’ अशी पाटी होती. माझी आई त्या खोलीत माझ्या आठवणीत तीनदा बसली, आणि तिन्ही वेळा बाबा बरोबर होते. बाहेरच्या टेबलांवर वाडीतले पुरुष एका कपावर तास तास बसत, नाटकांवर, क्रिकेटवर, संपावर बोलत. आई एकटी कधी तिथे बसली नाही, मी बसले नाही, माझ्या मैत्रिणी बसल्या नाहीत. कुणी मनाई केली होती असेही नाही. त्या टेबलांशी एकट्या बाईने बसायचे असते, हे कुणाच्या मनातच येत नसे.

या शहरात बायकांनी रांधलेले अन्न पुरुषांनी बसून खाण्याची रीत नवी नाही. गिरणगावात बाहेरगावच्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळी बायका चालवत, आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत, दोन-दोन पंगती उठवून. सावकाराच्या व्याजाखाली दबलेल्या त्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा कुठे त्यांचे काम काम म्हणून मोजले जाऊ लागले. आमच्या वाडीतल्या उपाहारगृहाच्या मागच्या बाजूलाही दोन बायका सकाळपासून साबुदाणा भिजवत आणि बटाटे सोलत असत. त्यांना टेबलाशी बसलेले मी पाहिलेले नाही.

शेजारच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर न देता मी घरी आले आणि निवेदनाचा कागद चार दिवस टेबलावर तसाच पडून राहिला.

त्या चार दिवसांत मी जुन्या वादांकडे वळले, कारण आपण काय खातो आणि कुठे बसून खातो यावरून महाराष्ट्रात झालेले हे काही पहिले भांडण नव्हते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे देण्यात आली, गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली, आणि टिळक-रानडे यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग ओढवला. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले ते एका कप चहावरून! आणि पाव? वसई-गोव्याकडच्या जुन्या गोष्टींत पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याचे सांगतात. ज्या पावाने माणूस बाटत असे, तोच पाव, पोर्तुगीजांनीच आणलेला बटाटा पोटात घेऊन, आज आपल्या अस्मितेचा पदार्थ झाला आहे. दादर स्थानकाबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी वडापाव सुरू केला असे मानतात. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो तो पदार्थ माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाचा आहे. त्याच सुमारास, १९६६ नंतरच्या काही वर्षांत, याच शहरात उडुपी हॉटेलांवर दगड पडले होते, ती परक्यांची म्हणून. आता गिरगावातल्या कुठल्याही घरी रविवार सकाळचा बेत विचारा, डोसा निघेल.

हे सारे आठवून मी लगेच बर्गरच्या बाजूची झाले असे नाही. कालचे परके आज आपले झाले म्हणून उद्या येणारे प्रत्येक परके आपले होईलच, हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. इराणी, उडुपी, वडापावची गाडी यांच्यामागे एकेक माणूस होता. तो गल्ल्यावर बसे, उधारी लिहून ठेवी, कुणाच्या घरी मयत झाली तर त्या दिवशी चहा पाठवी. साखळीच्या दुकानातला मॅनेजर दोन वर्षांनी बदलून जातो आणि त्याला उधारी लिहिण्याचा अधिकारच नसतो. तरी पण परकेपणाची जी चित्रे आम्ही निवेदनासाठी रंगवली होती ती अर्धवट होती, हे मला मान्य करावे लागले. ऑक्टोबर १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आले, दिल्लीच्या वसंत विहारात आणि पाठोपाठ आपल्या वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर, तेव्हा त्यांनी गोमांस आणि डुकराचे मांस ठेवलेच नाही, शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाकाची भांडी आणि माणसे वेगळी ठेवली, आणि लेट्यूसची पाने आपल्या तळेगावाकडून घेतली. पुढे त्यांच्याकडे जो पदार्थ सर्वांत खपला तो बटाट्याच्या टिक्कीचा, म्हणजे पावात बटाटाच. हे सांगितल्यावर नाना म्हणाले, “म्हणजे आपलाच वडा आपल्याला पाचपट भावात विकणार.” त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता.

सोसायटीची विशेष सभा पोडियमवर भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक माईक, आणि दर पाच मिनिटांनी वरून जाणारा पोपटांचा थवा, एवढेच त्या सभेचे वैभव. सेक्रेटरींनी सुरुवातीलाच सांगितले की गाळा विकला गेलेला आहे, दुकान यायचे की नाही हे ठरवणे आपल्या हातात नाही. महापालिकेचा आरोग्य परवाना, अग्निशमन दलाचा दाखला, अन्नसुरक्षेचा परवाना हे त्यांचे ते घेतील. आपली ना हरकत लागते ती तीन गोष्टींपुरती: धुराड्याची नळी इमारतीच्या अंगावरून न्यायची तर, मोकळ्या जागेत गाड्या उभ्या करायच्या तर, आणि दर्शनी भिंतीवर पाटी लावायची तर. हे ऐकून सभेचा अर्धा जोर ओसरला. गेले तीन आठवडे आपण ज्याच्यावर हमरीतुमरीवर आलो तो प्रश्न आपल्याकडे कधी नव्हताच, हे कळल्यावर माणसे जशी गप्प होतात तशी ती गप्प झाली.

नाना मात्र गप्प बसले नाहीत. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबीचे, मिठाचे आणि साखरेचे पदार्थ मुलांना विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे, तो त्यांनी छापून आणला होता. एवढेच नव्हे, त्या दिवशी सकाळी सहा वाजता, रहदारी सुरू व्हायच्या आत, ते नातवाला घेऊन शाळेच्या फाटकापासून गाळ्याच्या उंबऱ्यापर्यंत फीत धरून चालले होते. आधी सरळ रेषेत, मग फूटपाथवरून. सरळ रेषेत अंतर चौसष्ट मीटर भरले. ते आकडा लपवू शकले असते, पण त्यांनी तो सभेत स्वतःच वाचून दाखवला आणि म्हणाले, “नियम मोडत नाही. पण चौदा मीटरनं मुलाच्या पोटात काय फरक पडतो, ते मला कुणीतरी सांगा.” कुणी सांगू शकले नाही. पुढे त्यांच्याच बाजूच्या एका गृहस्थांनी विचारले की फाटकासमोर जो वडापाव आणि बर्फाचा गोळा मिळतो तो कितव्या मीटरवर आहे, तेव्हा नानांनी फीत गुंडाळली आणि खाली बसले. खाण्याच्या गुणदोषांची चर्चा एवढ्यावरच थांबली आणि माझ्या मते ती थांबली तेच बरे झाले, कारण दहा किंवा अधिक शाखा असलेल्या खाद्यगृहांना जुलै २०२२ पासून पदार्थाशेजारी कॅलरी लिहाव्या लागतात आणि आमच्या आवडत्या भजीशेजारी त्या कुणीच लिहीत नाही. दोन्हीकडचे तळण हे तळणच.

सभेत ज्याचे नाव सर्वांत जास्त वेळा घेतले गेले तो सभेला नव्हता. वाडीच्या कोपऱ्यावर वडापावची गाडी लावणाऱ्याला आम्ही सगळे मामा म्हणतो. त्याचे वडील लालबागच्या एका गिरणीत साचा चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. गिरणी परत उघडलीच नाही आणि त्यांनी स्टोव्ह आणि कढई घेतली. विरोध करणारे म्हणत होते की साखळी आली तर मामा उपाशी मरेल. बाजू घेणारे म्हणत होते की मामाच्या मुलालाच तिथे नोकरी लागेल. मामाला मात्र कुणीच विचारले नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीवर गेले.

तो तेव्हा पावांची लादी सोडवत होता. लादीतला पाव तोडायची त्याची एक पद्धत आहे: दोन्ही अंगठे मधल्या चिरेत घालून तो पाव खेचत नाही, उघडतो, त्यामुळे बाजू फाटत नाहीत, मग सुरीचा एकच काप, पूर्ण आरपार जाऊ न देता. आत आधी हिरवी चटणी, मग सुक्या लसणीची, मग वडा, आणि वर झाऱ्याच्या टोकाने कढईत तरंगणारा पिठाचा चुरा. हात चालू ठेवूनच तो बोलला.

“बर्गरचं काय घेऊन बसलात बाई. माझं गिऱ्हाईक वीस रुपयांचं. एवढ्यात त्याला तिथे पाण्याची बाटलीसुद्धा मिळायची नाही. ते दुकान माझं गिऱ्हाईक नेत नाही. भीती आहे ती वेगळी.”

“कसली?”

“मोठं दुकान आलं की समोरचा फूटपाथ मोकळा लागतो. काचेतनं रस्ता दिसायला पाहिजे ना. मग तक्रार जाते. वडा नाही हलत, गाडी हलते.”

पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा केंद्राचा कायदा २०१४ मध्ये आला. त्या वर्षी भरलेल्या अर्जाची पावती मामाने गाडीच्या खणातून काढून दाखवली. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली, तेलाने कडा पारदर्शक झालेली. दुसरी काळजी त्याने सांगितली ती पावाची. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनावर जायला सांगितले. हवेसाठी ते योग्यच असेल, पण त्याच्या बेकरीवाल्याला नवी भट्टी परवडणार की नाही, आणि परवडली तर पाव किती रुपयांनी चढणार, याचा तो रोज हिशोब करत होता. आमच्या बेचाळीस सह्यांच्या निवेदनात फूटपाथ नव्हता, भट्टी नव्हती आणि मामा तर नावापुरताच होता.

त्या सकाळी माझ्या डोक्यात या प्रकरणाची नीट जुळणी झाली. आम्ही उपाहारगृह गेले म्हणून हळहळत होतो, आणि ते बर्गरमुळे गेले असे बोलत होतो. ते गेले आमच्याच पुनर्विकासात. मालक भाडेकरू होते, त्यांनी मोबदला घेतला आणि मुलाकडे ठाण्याला राहायला गेले, कारण नव्या गाळ्याची किंमत वडे विकून फिटणारी नव्हती. त्या व्यवहारावर आम्ही सगळ्यांनी आनंदाने सह्या केल्या होत्या. आम्हाला प्रत्येकी ३०० चौरस फुटांचे घर मिळाले, स्वतःचे न्हाणीघर मिळाले, लिफ्ट मिळाली. चाळीतली सकाळची सामाईक संडासाची रांग मी विसरलेले नाही आणि चाळ परत नको, हे मी कुणालाही सांगेन. पण चाळीबरोबर साडेतीन फुटांची गॅलरी गेली आणि खालच्या काळ्या दगडाच्या पायऱ्या गेल्या. गॅलरीत आई गहू निवडत बसे, समोरच्या काकू लसूण सोलत बसत, आम्ही अभ्यासाला बसत असू. बायकांची टेबले तीच होती. पुरुषांना उपाहारगृह होते आणि बायकांना गॅलरी होती, आणि नव्या आराखड्यात दोन्ही नव्हते. लिफ्टसमोरच्या जागेत चपलांचे कपाटही ठेवू नये, असा नियम आहे. शेजारच्या त्या मुलीला दुकान हवे होते ते बर्गरसाठी नव्हे. तीन मैत्रिणींनी रात्री आठ ते नऊ कुणी टक लावून न पाहता, कुणी उठवून न देता बसावे कुठे, हा तिचा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर वाडीने दिले नव्हते म्हणून ते बाहेरून, भाड्याने, येत होते.

दुसऱ्या सभेत मी निवेदन मागे घेतले. का घेते तेही सांगितले, आणि काही जणांनी माझ्याशी बोलणे सोडले. त्यांतल्या एका वहिनींशी अजून पूर्ववत झालेले नाही. मग अटी ठरल्या. धुराडे गच्चीच्या वरपर्यंत न्यायचे, ते काकांच्या खिडकीच्या बाजूने न्यायचे नाही. डिलिव्हरीच्या मोटारसायकली फाटकाच्या आत आणायच्या नाहीत. समोरच्या फूटपाथवरच्या गाडीविरुद्ध सोसायटीच्या नावाने तक्रार करायची नाही, हे सोसायटीने स्वतःवरच घालून घेतलेले बंधन नानांनी सुचवले, हे आवर्जून सांगावेसे वाटते. पाटी मराठीत हवी असे कुणीतरी म्हणाले, पण ते कायद्यानेच बंधनकारक आहे. या सगळ्यावर फारसा वाद झाला नाही.

वाद झाला तो माझ्या मागणीवर. चाळ पाडताना कंत्राटदाराने खालच्या पायऱ्यांतला सर्वांत मोठा दगड बाजूला ठेवला होता. तो सात फूट लांब, मधोमध पिढ्यांच्या बसण्याने गुळगुळीत आणि किंचित खोल झालेला दगड पंपाच्या खोलीमागे फुटक्या तुळशीवृंदावनाशेजारी पडून होता. फाटकाबाहेर, गाळ्याच्या काचेलगत, सोसायटीच्या मालकीची अडीच फूट जागा आहे. तिथे तो दगड बसवावा, असे मी सुचवले. कुणीही बसावे, काही विकत न घेता.

“कोण कोण येऊन बसेल याचा विचार केलात का?” असे लगेच विचारले गेले. रात्री दारू पिऊन बसतील, रस्त्यावरचे झोपतील, मुलींना त्रास होईल, घरांची किंमत उतरेल. बर्गरला विरोध करणारे आणि बर्गरची बाजू घेणारे, दोघेही या दगडाविरुद्ध एकत्र आले. तेव्हा मी त्यांना रोमची गोष्ट सांगितली. १९८६ मध्ये तिथल्या प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्स उघडले, तेव्हा लोकांनी पास्त्याच्या वाडग्यांनिशी निदर्शने केली, आणि त्या विरोधातूनच कार्लो पेत्रिनी यांची ‘स्लो फूड’ चळवळ वाढली. बर्गरविरुद्ध एवढे मोठे शहर उभे राहिले. आणि त्याच पायऱ्यांवर नुसते बसायला २०१९ मध्ये बंदी आली, दंडासकट, आणि ती कुठल्या साखळीने घातली नव्हती, शहराच्या प्रशासनानेच घातली होती. आपल्या अंगणात कुणी बसू नये असे आपल्यालाच वाटत असेल, तर काचेआडच्या खुर्च्यांना आपण कोणत्या तोंडाने नावे ठेवायची? मी आवाज चढवला होता, हे मला नंतर सांगण्यात आले. ठराव नऊ मतांनी संमत झाला.

दुकान फेब्रुवारीत उघडले. पहिल्या आठवड्यात वाडीतली सगळी मुले जाऊन आली. नानांचा नातूही गेला, त्यांनीच पैसे दिले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांचे यजमान गेले त्याला चार वर्षे झाली, रोज दुपारी तीनला, गर्दी नसताना, एक कॉफी घेऊन काचेजवळच्या खुर्चीत बसू लागल्या. आयुष्यात मी पहिल्यांदा एकटी हॉटेलात बसले, असे त्यांनी मला लिफ्टमध्ये हळूच सांगितले, तेव्हा मला माझी आई आठवली आणि मी काही बोलू शकले नाही. मार्च सरताना शाळेच्या परीक्षा संपल्या, दुपारीसुद्धा गर्दी होऊ लागली, आणि एका शनिवारी गणवेशातला एक मुलगा नम्रपणे काकूंना म्हणाला की, मॅडम, टेबल लागणार आहे. तो मुलगा वाईट नव्हता. त्याला तसे सांगितले गेले होते. काकू उठल्या. त्यानंतर आठवडाभर त्या खाली उतरल्याच नाहीत.

परवा संध्याकाळी सातच्या सुमारास मी मेट्रोतून उतरून येत होते. काकू दगडावर बसल्या होत्या, शेजारी भाजीची पिशवी. काचेआडून दुकानाचा पांढरा उजेड त्यांच्या पाठीवर पडला होता. पाठीवर चौकोनी पेटी लावलेला एक डिलिव्हरीवाला, विशीचा असेल, ऑर्डर तयार व्हायची वाट पाहत दगडाच्या टोकाला अर्धा टेकून मामाचा वडापाव खात होता, आणि खाताना मोबाइलकडे आणि काचेकडे आलटून पालटून बघत होता. काकूंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मधल्या खोलगट भागाकडे हात केला.

“इकडे सरक. नीट बस आणि खा.”